दिवा खड्ड्याच्या अलीकडे हवा

आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी मुंबई-गोवा रस्त्याचं मीठ खाल्लं आहे. आजोबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. थोरले काका, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, त्यांनी जन्मभर ट्रक चालवला. आणि चौपदरीकरणाचं काम निघाल्यावर तात्यांचा मुलगा ठेकेदाराकडे टिप्परवर लागला. जेवणं उरकून मंडळी पडवीत बसली की बोलणं हटकून रस्त्यावर यायचं. कुठली मोरी खचली, कुठल्या वळणावर कोणाची गाडी आडवी झाली, कशेडी घाटात धुकं किती होतं, हेच आमच्याकडचं रोजचं वर्तमानपत्र.

सगळ्यात जुनी गोष्ट आजीची, आणि तिचीही नव्हे, तिच्या सासूची. महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा. आमच्याकडची जुनी माणसं साल सांगत नसत, 'तळ्यानंतरच्या वर्षी' म्हणत. तळं म्हणजे चवदार तळं, १९२७ चा सत्याग्रह. पूल होण्याआधी मुंबई गाठायची तर दासगावच्या बंदरावरून खाडीने बाणकोटला आणि तिथून पुढे समुद्राने. माझे पणजोबा पुलाच्या कामावर दगड वाहायला होते, असं आजी सांगायची. आणि त्या दिवसांत तिन्हीसांजा झाल्या की आया पोरांना घरात ओढून घ्यायच्या, कारण पुलाच्या पायात लहान मूल पुरल्याशिवाय पूल उभा राहत नाही, अशी बोलवा होती. असं मूल खरोखर कोणी पुरलं होतं का, हे मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "आपल्या गावचं नाही गेलं, एवढं खरं." तिला तेवढं उत्तर पुरेसं होतं.

अशीच गोष्ट बोरघाटात शिंगरोबाची. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमने १८३० मध्ये खुला केला. पुढे तिथूनच रेल्वे न्यायची ठरली तेव्हा साहेबांना डोंगरात वाट सापडेना. शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली, असं सांगतात. घाटात त्याचं देऊळ आहे. येणारेजाणारे ड्रायव्हर तिथं नाणं टाकतात. तात्या पुण्याकडचं भाडं घेऊन गेले की खिडकीतून एक नाणं शिंगरोबाचं ठरलेलं.

या गोष्टी मी अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकत नाही. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला तोवर त्या डोंगरात हजारो मजूर गेले होते, पुष्कळसे पटकीसारख्या साथींनी. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. शिंगरोबा हे त्या सगळ्यांचं मिळून उरलेलं एक नाव आहे, असं मला वाटतं. पण या गोष्टींच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, आणि ती आजही जिवंत आहे: रस्ता माणूस मागतो, पूल माणूस मागतो, काम मोठं असलं की बळी जायचेच. आजोबांना ही समजूत अजिबात मान्य नव्हती. आजीने पुलाच्या बळीची गोष्ट काढली की ते उठून ओसरीवर जाऊन बसत.

मैलकुली म्हणजे काय हे आज पोरांना समजावून सांगावं लागतं. रस्त्याचा काही मैलांचा तुकडा एका माणसाच्या नावावर असायचा. घमेलं, फावडं, कोयता आणि लाल झेंडी ही त्याची हत्यारं. खड्डे भरायचे, चर साफ करायचे, मोऱ्यांत अडकलेला पाला काढायचा, मैलाचे दगड रंगवायचे. रस्त्याच्या दुतर्फा झाडं होती. पावसाळा सरला की त्यांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचे. मला लहानपणी ते शोभेसाठी असावेत असं वाटायचं. एका रात्री तात्यांच्या गाडीत बसून कशेडी चढताना ते पट्टे मी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवरून पाहिले. गाडीचा दिवा पडला की पांढरे पट्टे एकामागोमाग उजळत जायचे आणि त्यांच्या रांगेवरून पुढचं वळण डावीकडे आहे की उजवीकडे, हे वळणाच्या बरंच आधी दिसायचं.

रस्ता फुटला, मोरी खचली, किंवा खडी पसरून डांबराचं काम निघालं, की आजोबांची रात्र रस्त्यावर. लाल काचेचा रॉकेलचा कंदील, चुना लावलेले धोंडे, आणि नवखा अधिकारी असेल तर त्याच्याशी वाद. वाद कंदिलाच्या जागेवरून व्हायचा. अधिकाऱ्याला तो खड्ड्याजवळ हवा असे. आजोबा म्हणायचे, "साहेब, खड्ड्यावर दिवा ठेवला तर खड्ड्यात पडलेल्याला उजेड होईल. दिवा खड्ड्याच्या अलीकडे हवा." किती अलीकडे, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. भरलेल्या ट्रकने करकचून ब्रेक मारला की डांबरावर टायरचा काळा पट्टा उमटतो. आजोबा तो पट्टा पावलांनी मोजत, त्याच्या दुप्पट चालत आणि तिथं कंदील ठेवत. उतारावर तिप्पट. पाऊस असेल तर आणखी पुढे. ड्रायव्हरला आधी दिसावं लागतं, मग कळावं लागतं, मग पाय ब्रेकवर जातो, आणि त्यानंतर कुठं गाडी थांबायला लागते, हा हिशेब चौथी शिकलेल्या माणसाने रस्त्यावर उभं राहून मांडलेला होता.

हाच हिशेब आज छापील आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरले तर चाळीस मीटर तिथंच संपले, आणि ब्रेक अजून लागायचाच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने काम चालू असलेल्या रस्त्यांसाठी एस.पी. ५५ ही मार्गदर्शिका आधी २००१ मध्ये काढली, २०१४ मध्ये सुधारून पुन्हा काढली. तिच्यात कामाच्या जागेचे भाग पाडून दिले आहेत. आधी लांबवरून सूचना, मग रस्ता हळूहळू अरुंद होत नेणारा पट्टा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी पुन्हा मोकळ्या रस्त्यावर आणून सोडणारा पट्टा. वाहनांचा वेग जितका जास्त तितकी पहिली सूचना लांब. रात्री चमकणारे फलक हवेत, झेंडीवाला हवा, काम संपलं की जुने फलक लगेच उचलायला हवेत. मी ती पहिल्यांदा चाळली तेव्हा आजोबांचा कंदील आठवला. आपल्याकडे नियम नाहीत ही तक्रार खोटी आहे. नियम चांगले आहेत. ते रात्री दोन वाजता उतारावर उभं राहून पाळणारं माणूस नाही.

तात्या ट्रकवर लागले तेव्हा रस्त्यावर लांब तोंडाच्या टाटा मर्सिडीज होत्या. स्टेअरिंग असं जड की वळणावर उभं राहून फिरवावं लागे. उन्हाळ्यात हापूस. रत्नागिरीकडून संध्याकाळी पेट्या भरायच्या आणि रातोरात मुंबई गाठायची, आधी क्रॉफर्ड मार्केट, पुढे वाशी. सकाळचा बाजार चुकला तर बागायतदार आणि दलाल दोघंही बोलणार, म्हणून त्या दोन महिन्यांत झोप ही चैन. कशेडीत भूत आहे, वळणावर माणूस हात करतो आणि जवळ गेलं की दिसेनासा होतो, अशा गोष्टी त्या मार्गावरचा प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. तात्यांनाही तो माणूस दिसला आहे. "पहाटे तीन ते पाचमध्येच दिसतो तो," तात्या सांगतात. "भरपूर झोपून गाडीवर बसलो त्या रात्री कधी नाही दिसला." एवढं बोलून ते थांबतात. आम्ही पोरं समजायचं ते समजतो.

त्यांची शिस्त मात्र कडक. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्या माणसाशी ते बोलणं टाकत. चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा त्यांचा कायदा. आणि बंद पडलेल्या गाडीमागे लावलेले दगड. गाडी बंद पडली की मागे वीस-पंचवीस पावलांवर दगड मांडायचे, वर एखादी ओली फांदी ठेवायची, ही जुनी रीत अजून चालू आहे. गाडी दुरुस्त होते, ड्रायव्हर निघून जातो, दगड तिथंच राहतात. रात्री त्या दगडांवर दुचाकीवाला जातो. आजोबांच्या हाती असा दगडसोड्या ड्रायव्हर लागला तर तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकूनच सुटायचा. तात्यांनी घाई असली तरी शेवटचा दगड चरात टाकल्याशिवाय गाडीला किल्ली मारली नाही.

२०११ मध्ये पनवेलजवळच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण सुरू झालं. त्यानंतर पुढचे टप्पे निघाले. रस्त्याचा नंबर १७ चा ६६ झाला. मुदती येत गेल्या, जात गेल्या. 'या गणपतीला पूर्ण' हे आश्वासन कोकणातल्या माणसाने इतक्या वेळा ऐकलं की लोक उच्च न्यायालयात गेले. ॲड. ओवेस पेचकर यांच्या याचिकेवर न्यायालयाने सरकारला वेळोवेळी विचारणा केली. उशिराबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी त्यात भर घालणार नाही. मला त्या उशिरातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. काम दोन वर्षं चालतं तेव्हा अर्धवट रस्ता ही अडचण असते. ते दहा-बारा वर्षं चाललं की अर्धवट रस्ता हाच रस्ता होतो. एक अख्खी पिढी त्यावर गाडी शिकते. बाण दाखवणारे फलक कुजून पडतात, पुन्हा लागतात, पुन्हा पडतात.

आणि झाडं गेली. रुंदीकरणात दुतर्फाचे वड, चिंचा, आंबे तुटले आणि त्यांच्याबरोबर ते पांढरे पट्टे. सावलीसाठी लोक हळहळले. तात्या हळहळले ते वळणांसाठी. "आता रात्री वळण कुठं आहे ते वळणात शिरल्यावर कळतं," ते म्हणायचे.

अर्धवट काँक्रीटच्या रस्त्यावर ट्रक कसा जातो, हे तात्यांनी मला पाटीवर खडूने काढून दाखवलं होतं. नवं काँक्रीट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असतं. कडेला मुरूम भरून साइडपट्टी केली नाही तर तिथं वीतभर, कुठं हातभर उंचीची पायरी राहते. दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच अंगावर घातलेली, मध्ये दुभाजक नाही. रात्री समोरून येणाऱ्याचा प्रखर दिवा डोळ्यात जातो आणि ड्रायव्हर अंगाने डावीकडे सरकतो. डावी चाकं पायरीखाली उतरतात. हात आपोआप स्टेअरिंग उजवीकडे ओढतो. पण टायर वर चढत नाही, त्याचा गाल काँक्रीटच्या कडेला घासत राहतो. ड्रायव्हर आणखी ओढतो. मग एका क्षणी टायर एकदम चढतो, आणि तोवर पुढची चाकं इतकी वळलेली असतात की गाडी बाण सुटावा तशी आडवी समोरच्या गाड्यांवर जाते. भरती उंच असेल तर चढण्याआधीच डाव्या अंगाला कलंडते. चाक खाली गेलं तर ओढायचं नाही, तात्या सांगत, पाय काढून घ्यायचा, गाडी सरळ रेषेत हळू होऊ द्यायची, थांबायची वेळ आली तर थांबायचं, आणि कड जिथं बसकी आहे तिथून वर घ्यायची. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी शिकवत नाही. तिथं आठचा आकडा काढायला शिकवतात.

एवढं ठाऊक असलेल्या माणसाचीही गाडी गेली. पावसाळ्याची रात्र होती. चिऱ्याची भरती घेऊन ते मुंबईच्या दिशेने निघाले होते. जांभ्याचा चिरा पावसात पाणी पितो आणि भरती आणखी जड होते. कोलाडच्या पुढे एका ठिकाणी वाहतूक डाव्या अंगावरून उजव्या अंगावर वळवलेली होती. वळवलेल्या जागेच्या तोंडाशी डांबराची दोन रिकामी पिंपं होती. त्यांच्यावरच्या रेडियमच्या पट्ट्यांवर डंपरच्या चाकांनी उडवलेला लाल चिखल बसला होता, त्यामुळे दिव्याच्या उजेडात त्या चमकल्याच नाहीत. बाणाचा फलक चरात पालथा पडला होता. अलीकडे कुठेही सूचना नव्हती. तात्यांना पिंपं दिसली तेव्हा ती समोरच होती. त्यांनी ब्रेक दाबला, रस्त्यावरही तोच चिखल, गाडी घसरली आणि अर्धवट कामात जाऊन आडवी झाली. तात्यांचा डावा पाय केबिनमध्ये अडकला. गावातल्या पोरांनी पहारीने दार उचकटून त्यांना काढलं आणि एका संस्थानाच्या मोफत रुग्णवाहिकेत घातलं. कोकणातल्या रस्त्यांवर अशा गाड्या आहेत म्हणून कितीतरी माणसं घरी परत आली आहेत, त्यांचे उपकार इथं नोंदवून ठेवतो.

पंचनामा सकाळी झाला. तोवर तिथं नवा कोरा बाणाचा फलक उभा होता, पिंपं धुतलेली होती, त्यांच्यामागे वाळूच्या गोण्यांची रांग लागलेली होती. पंचनाम्यात फलक आला. भरधाव, निष्काळजीपणे, नियंत्रण सुटून, असं सगळं तात्यांच्या नावावर लागलं. ठेकेदाराचं नाव त्या कागदावर कुठंही नव्हतं. तात्यांनी त्यानंतर गाडीला हात लावला नाही. पाय बरा झाला, थोडा आखूड राहिला. त्यांना पायाचं दुःख कधी वाटलं नाही. सही करताना त्यांनी तो कागद वाचला होता, त्याचं वाटलं.

म्हणून अपघाताची बातमी वाचताना मी चालकाच्या चुकीवर थांबत नाही. चूक असेलही. १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगावजवळ रेपोलीला ट्रक आणि व्हॅन समोरासमोर धडकले, गुहागरकडे निघालेल्या एकाच गोतावळ्यातली नऊ माणसं जागीच गेली. पहाटेची वेळ, समोरासमोरची धडक, रखडलेला रस्ता. अशा वेळी कोणी कोणाच्या बाजूला गाडी घातली एवढंच विचारून भागत नाही. दोघांच्या मध्ये काय होतं, आणि काय असायला हवं होतं, हेही विचारायला हवं.

रस्त्याच्या कामावरची माणसं या हिशेबात सगळ्यात शेवटी येतात. चुलतभावामुळे ती मला जवळून दिसली. टिप्परला मागचं काही दिसत नाही. पूर्वी ट्रकवर क्लीनर असायचा, तो मागे उभा राहून फळक्यावर थापा मारत 'येऊ दे, येऊ दे' करायचा, आणि थाप थांबली की ड्रायव्हर थांबायचा. आता क्लीनरचा पगार वाचवतात. कामावर गोंगाट असा की मागे घेतानाचा भोंगा वाजला तरी ऐकू येत नाही. खडी पसरणारी बाई वाकलेली असते, तिच्या डोक्यावर उन्हासाठी ओढणी गुंडाळलेली, आणि टिप्पर मागे येत असतो. भावाने स्वतःपुरता नियम केला आहे. मागे कोणी दाखवायला उभं राहिल्याशिवाय तो गाडी मागे घेत नाही. मुकादमाने त्यावरून त्याची खेपेची हजेरी कापली आहे, कारण खेपा कमी होतात. पगार खेपांवर असेल तर सावध माणूस उपाशी राहतो, ही व्यवस्था कोणीतरी बसून ठरवलेली असते.

२० ऑगस्ट २०२१ ला बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यातल्या तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. आत लोखंडी सळया होत्या आणि सळयांवर मजूर बसलेले होते. तेरा जण त्या लोखंडाखाली गेले. मजुरांना माल समजून मालाबरोबर नेणं हे रोजचं होतं, त्या दिवशी ते फक्त बातमीत आलं. १ ऑगस्ट २०२३ ला त्याच महामार्गावर शहापूरजवळ सरलांबे इथं रात्रीच्या वेळी गर्डर चढवणारं यंत्र कोसळलं आणि वीस माणसं गेली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळच्या बांधकामातल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. तिथं जीव गेला नाही. आमच्या गावात दोन्ही वेळा एकाच धाटणीचं बोलणं ऐकलं. सरलांब्यानंतर म्हणाले, एवढ्या मोठ्या कामाला बळी जायचाच. चिपळूणनंतर म्हणाले, देवाने राखलं. दोन्ही वेळा यंत्र कोणी तपासलं होतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आजोबा ओसरीवर का उठून जात, ते मला त्या दिवसांत नीट कळलं.

ड्रायव्हरच्या झोपेबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण कामाच्या टप्प्यात सगळ्यात जास्त लक्ष लागतं आणि तिथं तो पोचतो तेव्हा सगळ्यात थकलेला असतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच लागू होता. एका ट्रकचा मालक आणि त्याचा एकटा ड्रायव्हर त्यात कधी बसलेच नाहीत, आणि आपल्याकडचे पुष्कळ ट्रक तसेच आहेत. रुंदीकरणात जुने ढाबेही उठले. जिथं गाडी बाजूला घेऊन दोन तास पाठ टेकता येत होती तिथं आता काँक्रीटची कड आहे. मग ट्रक तिथंच, कडेला, अर्धा रस्त्यावर उभा राहतो, मागचा दिवा गेलेला, आणि पहाटे मागून कोणीतरी त्यात घुसतं. गणपतीत अवजड वाहनांना या रस्त्यावर बंदी असते. चाकरमानी सुखरूप पोचावेत म्हणून ती योग्यच आहे. पण अडवलेले ट्रक जिथं उभे करतात तिथं ना पाणी, ना शौचालय. ते ड्रायव्हर बंदी उठली की तसेच, न झोपता, सुटतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते हरखले. मग म्हणाले, "केबिन थंड झाली, बरं झालं. ती उभी कुठं करायची, तेही सांगा म्हणावं."

आजीच्या गोष्टीतला तो सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी आणि आणखी गाड्या पाण्यात गेल्या. मैलकुलीच्या काळात नदी एवढी चढली की पुलाच्या दोन्ही तोंडांशी माणूस उभा असायचा, दोर बांधून. पाणी ओसरेपर्यंत कोणालाही सोडत नसत. त्या रात्री खात्याचं माणूस तिथं नव्हतं. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाने धावत जाऊन मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, म्हणून मेलेल्यांचा आकडा तिथंच थांबला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, २०१७ च्या जूनमध्ये वाहतूक सुरू झाली. मनात आणलं तर आपल्याकडे काम किती लवकर होतं, याचा तो पुरावा आहे. आणि पुलाला लागणारं काँक्रीट आणायला जी तातडी दाखवली, तीच एका माणसाला कंदील घेऊन उभं करायलाही दाखवता आली असती.

आता कायद्याबद्दल. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदार, सल्लागार, जबाबदार यंत्रणा यांना दंड होऊ शकतो. दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. एका जिवाला ही रक्कम फार थोडी आहे, हे मी स्पष्ट म्हणतो. पण या कलमाने पहिल्यांदा पंचनाम्यात ड्रायव्हरशिवाय आणखी एका माणसासाठी रकाना उघडला. तो रकाना भरायला पुरावा लागतो, आणि पुरावा सकाळपर्यंत बदललेला असतो.

तेव्हा वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. या रस्त्यांवरून तुम्ही जाता. कामाच्या टप्प्यात अपघात दिसला तर आधी जखमींना बाहेर काढा, १०८ ला आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच बजावलं आहे, आणि कायद्यातही ते आलं आहे, तेव्हा भिऊ नका. जखमी मार्गाला लागले की मोबाइल काढा आणि रस्त्याचे फोटो घ्या. पहिला फलक कुठं आहे, आहे का, उभा आहे की पडलेला, रेडियम चमकतं का, दिवा जळतो का, काँक्रीटची कड किती उंच आहे, जवळच्या किलोमीटरच्या दगडावर कोणता आकडा आहे. फोटोवर तारीख आणि वेळ राहील असं बघा, आणि उजाडण्यापूर्वी ते पोलीस ठाण्यात द्या, ड्रायव्हरच्या घरच्यांनाही द्या. तात्यांच्या वेळी त्या रात्री तिथं कोणाकडे असा एक फोटो असता, तर तो कागद वेगळा लिहिला गेला असता.